कडीपाटाच्या माळ्यावर किती वजन चालेल? (३ × ५ ची सागवानी कडी, १० फुटांचा गाळा)

माजघर

नमस्कार मंडळी. चिपळूणजवळच्या जुन्या घरात माजघरावर कडीपाटाचा माळा आहे. खोली आतून १० फूट × १२ फूट. कड्या सागाच्या, ३ इंच रुंद आणि ५ इंच उभ्या. त्या खोलीच्या १० फुटांच्या अंगाने टाकल्या आहेत आणि एकमेकींपासून मध्य ते मध्य दीड फुटावर आहेत. टोके दोन्हीकडे जांभ्याच्या भिंतीत गेली आहेत, आत किती गेली ते दिसत नाही. वर १ इंची पाट. खाली छत नाही, कड्या उघड्या आहेत.

माळ्यावर ठेवायचे आहे ते असे: तांदळाची ५० किलोची २० पोती (चार-पाच महिने राहतील), काही तांब्यापितळेची भांडी, आणि जमल्यास ५०० लिटरची प्लास्टिकची टाकी. दोन कड्यांना मधोमध साधारण पाऊण इंच बाक आला आहे.

एकूण किती वजन चालेल, टाकी ठेवावी का, आणि बाक आलेल्या कड्यांचे काय करावे? आकडेमोड दाखवलीत तर बरे, म्हणजे शेजारच्या खोलीला लावून बघता येईल.

---

तुळई_खांब

मापे नीट दिलीत, त्यामुळे हिशोब करता येतो. कडीची परीक्षा दोन प्रकारे करायची: मोडेल का, आणि किती वाकेल.

आधी मोडण्याचे. कडीची ताकद = रुंदी × उंचीचा वर्ग ÷ ६. मिलिमीटरमध्ये ७५ × १२५ × १२५ ÷ ६, म्हणजे साधारण १,९५,००० घनमिमी. लाकडाच्या बांधकामासाठीचे आपले मानक आयएस ८८३. त्यात साग ‘ब’ गटात येतो, आणि पहिल्या प्रतीच्या, आतल्या कोरड्या जागेतल्या लाकडाला वाकताना चौरस मिमीला १२ न्यूटन ताण चालतो. तेच लाकूड उघड्यावर असेल तर १०, सतत ओलीत असेल तर ८. तुमचे लाकूड जुने, प्रतवारी कोणी केलेली नाही, टोके कोकणातल्या पावसाळी भिंतीत. मी ८ च धरेन. त्या हिशोबाने चौरस मीटरला साधारण ३०० किलो येतात, तेही वजन सगळीकडे सारखे पसरले तर.

आता वाकण्याचे. मानक गाळ्याच्या (दोन टेकूंमधल्या अंतराच्या) २४० व्या भागापर्यंत बाक चालवून घेते (खाली प्लास्टरचे छत असते तर ३६० वा भाग). १० फुटांना तो अर्धा इंच होतो. सागाचा लवचिकतेचा गुणांक (लाकूड किती ताठ ते सांगणारा आकडा) सुमारे १०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर अर्धा इंच बाक येतो चौरस मीटरला ३१० किलोंवर. म्हणजे दोन्ही हिशोब जवळपास एकाच आकड्यावर येतात. त्यातून पाट आणि कड्यांचे स्वतःचे वजन चौरस मीटरला ३० किलो वजा करा.

उरले २७०. पण हा आकडा थोड्या वेळच्या वजनाचा आहे. लाकडावर महिनोन्महिने वजन राहिले की ते हळूहळू वाकतच जाते आणि बाक पहिल्या दिवसाच्या दीड ते दोन पट होतो. साठवणीच्या सामानाला म्हणून साधारण निम्मा आकडा घ्यावा: चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला साधारण १४ किलो. माणसांची ये-जा, सणावाराला चार जण चढले, हे वरच्या उरलेल्या भागात बसते. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ (इमारतींवरील भारांचे मानक) चौरस मीटरला २०० किलोच धरते, त्यामुळे तुमचा माळा खोली म्हणून ठीक आहे. गोदाम म्हणून त्याच मानकात किमान ७५० किलो धरायला सांगितले आहे. तुमचा माळा गोदाम नाही, हे पक्के लक्षात असू द्या.

---

सागवान

वरचा हिशोब बरोबर आहे, पण वाचणारा लगेच १५० × ११ चौरस मीटर = १६५० किलो असा गुणाकार करून मोकळा होईल. तसे करू नका. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे.

एकाच कडीच्या बरोबर मध्यावर वजन टेकवले तर वरच्याच हिशोबाने एका कडीला साधारण २०० किलो होतात, बस. तेच पूर्ण लांबीवर पसरले तर ४०० किलो. मध्यावरचे वजन पसरलेल्या वजनाच्या दुप्पट ताण देते, हे सूत्र कुठल्याही कडीला, फळीला, पाइपला लागू आहे.

तुमच्या पोत्यांचे बघू. ५० किलोचे पोते आडवे टाकले की साधारण ३ फूट × पावणेदोन फूट जागा घेते. म्हणजे एक थर चौरस मीटरला १०० ते ११० किलो. दोन थर २१० ते २२०. चार थर करून एका कोपऱ्यात रचले (बहुतेक ठिकाणी असेच रचतात) तर त्या तीन-चार कड्यांवर चौरस मीटरला ४०० च्या वर जाते आणि बाकीचा माळा रिकामा राहतो.

माझी मांडणी अशी: पोत्यांची लांबी कडीच्या दिशेने. कड्यांची टोके ज्या दोन भिंतींत आहेत त्या दोन्ही भिंतींकडे पाच-पाच पोती, दोन थर. झाली २०. मध्ये साधारण अडीच फुटांची वाट मोकळी. चौरस मीटरला २२० हा आकडा १५० पेक्षा जास्त दिसतो, पण सगळे वजन टेकूजवळ असल्यामुळे कडीच्या मध्यावरचा ताण कमी येतो. हीच २० पोती मधल्या सहा फुटांत दोन थरांनी रचली तर कडीवर येणारा ताण दीडपटीहून जास्त होतो. वजन तेच, पोती तीच.

भिंतीला पोते चिकटवू नका, वीतभर जागा सोडा. जांभा पावसाळ्यात ओल धरतो, तांदळाला कोंब आणि बुरशी येते, आणि ओल पोत्यातून पाटात उतरते. खाली दोन-दोन इंची पट्ट्या टाकून हवा खेळती ठेवा. पट्ट्या कड्यांना आडव्या टाका, म्हणजे एका पोत्याचे वजन दोन-तीन कड्यांत वाटले जाते.

तांब्यापितळेची भांडी रिकामी असतील तर त्यांची काळजी नको. धान्य भरून ठेवणार असाल तर मात्र हंडा म्हणजेही पोतेच समजा.

---

पाणीपुरवठा

टाकीबद्दल: नको.

५०० लिटर म्हणजे पाण्याचेच ५०० किलो, वर टाकी. तळाचा व्यास साधारण ३ फूट, म्हणजे पाऊण चौरस मीटरसुद्धा नाही, आणि तेवढ्या जागेत चौरस मीटरला ८०० किलोंच्या आसपास भार. टाकीखाली दोन, फार तर तीन कड्या येतात. मध्यावर ठेवली आणि दोनच कड्यांवर बसली तर फक्त टाकीनेच ‘८’ चा ताण ओलांडतो, पाट आणि बाकीचे सामान वेगळे. भिंतीलगत, मध्य भिंतीपासून दीड-पावणेदोन फुटांवर येईल अशी ठेवली तर कागदावर चालते.

तरी नको म्हणतो, कारण पाणी. टाकीच्या बाहेरून दमट हवेत घाम येतो, नळाच्या जोडातून थेंब थेंब गळते, आणि ते सगळे बरोबर कडीच्या टोकाशी, भिंतीत, न दिसणाऱ्या जागी मुरते. आज जो कडीचा भाग ८ न्यूटन झेलतो तो कुजल्यावर किती झेलेल याचा हिशोब कोणालाच करता येत नाही. टाकीसाठी न्हाणीच्या बाजूला जमिनीपासून उठवलेला लोखंडी घोडा किंवा दगडी कट्टा करा.

---

चौथा_मजला

विषय निघालाच आहे तर विचारतो. फ्लॅटमध्ये पुस्तकांचे कपाट करायचे आहे. सुतार म्हणतो १८ मिमीच्या प्लायच्या फळ्या, ३ फूट रुंद खण, ‘७१० चा मरीन प्लाय आहे, हत्ती उभा केला तरी चालेल’. फळीची खोली १२ इंच. ३ फूट चालेल का?

---

तुळई_खांब

@चौथा_मजला: ३ फूट जास्त आहेत. एका मीटर फळीवर पुस्तकांची एक रांग साधारण ३५ किलो भरते. १८ मिमी प्लाय, ९०० मिमी गाळा, नुसती टेकवलेली फळी: पहिल्या दिवशीच मध्यावर जवळपास ४ मिमी बाक. दोनेक वर्षांत तो ७ मिमीच्या आसपास जातो आणि मग डोळ्यांना खुपतो. त्याच जागी एमडीएफ घेतला तर ८ मिमीने सुरुवात, पार्टिकल बोर्ड त्याहून वाईट. फळी मोडणार नाही, पण झोळ पडेल आणि कपाटाची दारे घासू लागतील.

खण २ फुटांचा केला की बाक साधारण पाऊण मिमीवर येतो. पसरलेल्या वजनाचा बाक गाळ्याच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे एक फूट कमी केल्याचा फायदा पाचपट मिळतो.

३ फूटच हवे असतील तर फळीच्या पुढच्या कडेला खालून २० × ३८ मिमीची सागाची पट्टी उभी, फेविकॉल लावून आणि स्क्रूने आवळून बसवा. ताठरपणा दुपटीहून जास्त वाढतो. मागची कडही पाठीच्या प्लायला स्क्रूने धरा.

७१० हा आकडा मुख्यतः प्लायचा डिंक पाण्यात टिकतो की नाही ते सांगतो. ३ फुटांच्या फळीचा झोळ नुसत्या त्याने टळत नाही. त्यापेक्षा सुताराला हे विचारा की वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीच्या दिशेने जाताहेत का. तुकडे वाचवायला आडवे कापले तर तोच प्लाय बराच जास्त वाकतो.

---

सागवान

@माजघर, आता बाक आलेल्या कड्यांबद्दल. १० फुटांत पाऊण इंच म्हणजे गाळ्याचा १६० वा भाग. मर्यादेबाहेर आहे, पण जुन्या घरात एवढा बाक नुसत्या वर्षानुवर्षांच्या वजनानेही येतो. बाकापेक्षा पुढच्या गोष्टी आधी तपासा.

टोके. कडी भिंतीत शिरते तिथे टोकदार दाभण किंवा पेचकस जोर लावून खुपसा. चांगल्या सागात एक-दोन मिमीच्या पुढे जात नाही. सहज अर्धा इंच गेला तर टोक पोचे झाले. दाभण भिंतीच्या तोंडाशी, वरच्या अंगाला आणि बगलेला असा तिन्ही ठिकाणी घाला. हातोडीने ठोकून आवाजही ऐका: भक्कम लाकूड खणखणते, पोकळ असेल तर बद्द वाजते. भिंतीवर वाळवीची मातीची नळी दिसली तर कडीच्या आत ती कुठवर गेली आहे हे बघितल्याशिवाय वर एक पोतेही चढवू नका. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण कडीत पांढरा रसकाठ (सालीलगतचे कोवळे लाकूड) असेल तर तो ती खाते.

भेगा. रेषेच्या दिशेने, वाळताना पडलेल्या उथळ चिरा चालतात. टोकाजवळ, कडीच्या उंचीच्या मध्यावरून आडवी, आरपार चीर असेल तर ती गंभीर. तिथे कडी दोन पातळ फळ्यांसारखी वागू लागते.

खालची बाजू, मधला तिसरा भाग. कडी इथे ताणली जाते. इथली मोठी गाठ, पंख्याच्या हुकासाठी पाडलेले भोक, वायरसाठी खालून मारलेली खाच, सगळे वाईट. ५ इंची कडीला खालून १ इंच खाच पाडली तर नुसत्या मापानेच ताकद ६४ टक्क्यांवर येते, आणि खाचेच्या कोपऱ्यातून चीर सुरू होते ते वेगळेच. वायर न्यायचीच असेल तर कडीच्या उंचीच्या बरोबर मध्यावर लहान गोल भोक पाडावे.

---

वखार_नाका

डागडुजीचे सांगतो.

टोके शाबूत असतील आणि फक्त बाक असेल तर त्या दोन कड्यांना जोड द्या. २ × ५ चा वाळलेला साग किंवा ऐन, पूर्ण लांबीचा, कडीला चिकटवून १२ मिमीच्या बोल्टने आवळायचा. बोल्ट दीड-दीड फुटावर, आलटूनपालटून वर-खाली, दोन्हीकडे मोठे वायसर. ताठरपणा १.६७ पट होतो. ओले लाकूड घेऊ नका, ते वाळताना आक्रसते आणि बोल्ट सैल पडतात. वखारीत ‘वाळलेला आहे’ म्हणतील, तरी तुकडा हातात घेऊन वजन बघा आणि टोकावर ताज्या चिरा पडताहेत का ते पाहा.

लाकूड महाग पडत असेल तर १०० × ६ मिमीची लोखंडी पट्टी एका बगलेने उभी बोल्टने लावा. मीटरला साधारण ४.७ किलो वजन, म्हणजे एका कडीला १४ किलो लोखंड, आणि ताठरपणा १.८ पट. पट्टीला आधी रेडऑक्साइड मारा. पट्टी खालून आडवी ठोकण्याची पद्धत आहे, पण मोजक्या स्क्रूंनी ठोकलेली आडवी पट्टी कडीबरोबर काम करत नाही, नुसती लटकते.

नवीन कडी घ्यायची झाली तर रुंदी वाढवण्यापेक्षा उंची वाढवा. ३ × ६ ही ३ × ५ पेक्षा ताकदीने १.४४ पट आणि ताठरपणाने १.७३ पट, लाकूड मात्र फक्त एकपंचमांश जास्त. आणि कडी कधीही आडवी टाकू नये. ३ × ५ आडवी पडली की ताठरपणा ३६ टक्केच उरतो.

टोके भिंतीत बसवताना किमान ४ इंच टेकू द्या. टोकाला चहूबाजूंनी सिमेंट लिंपून बंद करू नका. बगलेला आणि टोकापाशी बोटभर हवा राहू द्या, नाहीतर शोषलेली ओल बाहेर पडत नाही आणि कडी तिथूनच कुजते.

---

माजघर

सगळ्यांचे मनापासून आभार. टाकी रद्द. आज दाभण घालून पाहिले: बाक आलेल्या दोनपैकी एका कडीचे टोक पश्चिमेच्या भिंतीत पोचे आहे, दाभण इंचभर आत जाते. बाकी कड्या ठीक वाटतात. सगळ्याच कड्यांखाली मधून एक तुळई टाकून खांब दिला तर? माजघरात खांब आला तरी आमची हरकत नाही.

---

तुळई_खांब

खांब चालणार असेल तर तोच सर्वांत चांगला उपाय. मधून तुळई आली की गाळा ५ फुटांचा होतो. कडीची ताकद चौपट आणि बाक नावालाही उरत नाही. पण वजन कुठे जाते ते बघा: माळ्याचे निम्म्याहून जास्त वजन आता त्या तुळईवर येते.

तुळई १२ फुटांच्या अंगाने जाईल. मध्ये खांब न देता १२ फूट नेली तर ती सव्वापाच × साडेनऊ इंचांच्या आसपास लागेल, ते परवडणार नाही. मध्ये एक खांब द्या, मग ६-६ फुटांचे दोन गाळे होतात आणि ४ × ६ ची सागवानी तुळई पुरते, ६ इंच उभे. पसरलेल्या वजनासह एकूण ३०० किलो प्रति चौरस मीटर धरून हा हिशोब आहे. तुळईची टोके भिंतीत सोडण्याऐवजी भिंतीलगत ४ × ४ चे खांब द्या, म्हणजे पुन्हा तोच ओलीचा त्रास नको.

मधल्या खांबावर सुमारे १३०० किलो येतील. ८ फूट उंचीचा ४ × ४ चा सागवानी खांब ते आरामात पेलतो. चूक होते ती खांबाच्या पायात. शहाबादी फरशीवर खांब उभा करू नका. फरशीखाली भराव असतो, तो दबतो, फरशी तडकते, आणि खांब अर्धा इंच खाली गेला की तुळई नुसती शोभेला राहते. फरशी उखडून कठीण मुरूम लागेपर्यंत खणा, २ × २ फुटांचा, ९ इंच जाड काँक्रीटचा पाया भरा, वर जमिनीच्या वर चार इंच येईल असा दगडी तळखडा, आणि त्यावर खांब. सारवणाचे किंवा फरशी पुसण्याचे पाणी खांबाच्या बुडाला लागत नाही, हा तळखड्याचा फायदा.

तुळई चढवताना जुना बाक जबरदस्तीने सरळ करू नका. हायड्रॉलिक जॅकने कड्या तुळईला घट्ट टेकतील एवढेच उचला. जिथे फट राहील तिथे सागाच्या दोन पाचरी समोरासमोरून ठोका. वर्षानुवर्षे वाकून बसलेली कडी एका दिवसात सरळ केली तर टोके भिंतीतून उचलली जातात, वरचे पाट सुटतात.

पोचे टोक असलेल्या कडीला तुळईने पूर्ण भागणार नाही, भिंतीकडचे तिचे टोक तरीही टेकूशिवायच आहे. ते टोक धडधाकट लाकूड लागेपर्यंत कापा आणि दोन्ही बगलांना २ × ५ चे ४-४ फुटांचे तुकडे बोल्टने लावून ते भिंतीत न्या. हे करताना त्या कडीखाली आधी टेकू द्यायला विसरू नका.

---

वखार_नाका

काम झाल्यावर पोती चढवण्याआधी चाचणी घ्या. कडीच्या खालून टोक ते टोक नायलॉनची दोरी ताणून बांधा आणि मध्यावर दोरी ते कडी हे अंतर मिमीपट्टीने मोजून लिहून ठेवा. आता तुळई आहे, तेव्हा प्रत्येक ५ फुटांच्या तुकड्याला वेगळी दोरी. मग वजन टप्प्याटप्प्याने: आधी निम्मी पोती, एक रात्र, मोजा. मग सगळी, २४ तास, मोजा. ५ फुटांच्या तुकड्यात दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक दिसला किंवा दुसऱ्या दिवशी तो वाढत गेला तर पोती उतरवा आणि तुळईचा टेकू, पाचरी आणि खांबाचा पाया तपासा. चाचणी चालू असताना माजघरात कोणी झोपू नये.

पहिला पावसाळा संपल्यावर पाचरी पुन्हा एकदा ठोका. लाकूड पावसात फुगून उन्हाळ्यात आक्रसले की त्या सैल होतात.